बांधावरची कंबरमोडी

दिवस उगवायच्या आत चांगुणा खुरपं पाजवून ठेवायची. न्हाणीच्या दारातला काळा दगड त्यासाठीच होता. इतक्या वर्षांच्या घासण्यानं त्याच्या मधोमध पन्हाळीसारखी खोलगट रेघ पडली होती. आधी दगडावर ओंजळभर पाणी, मग पात्याची एक कड, मग दुसरी आणि शेवटी अंगठ्याच्या कातडीवर हलकेच धार बघणं. धार मनासारखी लागली की खुरपं उंबऱ्याशी आडवं ठेवायचं आणि मगच चुलीपुढं बसायचं.

माघातली थंडी होती. घोड नदीच्या अंगानं धुकं वर सरकत होतं आणि पलीकडच्या उसाचे नुसते शेंडे दिसत होते. सून करुणा नवऱ्याचा डबा भरत होती. सम्राटची पहिली शिफ्ट होती; कंपनीची बस फाट्यावर फार वेळ थांबत नसे. तो बुटाची नाडी बांधता बांधताच चहा प्यायला, भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडून निघाला. चांगुणेच्या नवऱ्यानं, चांगदेवानं, शेळ्या सोडल्या. ऊसतोडीत गुडघे गेल्यापासून त्याला उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून तो कमरेत वाकूनच दावी सोडायचा आणि प्रत्येक दाव्याला एकेक शिवी घालायचा.

"शेळ्यांनी काय केलंय तुमचं?" चांगुणा आतून म्हणाली.

"शेळ्यांस्नी न्हाई, गुडघ्यास्नी देतोय."

भाकरी फडक्यात बांधून सासू-सुना निघाल्या. वाटेत खुरपणीची टोळी भेटली. सिंधूबाई पुढं होती. तिनं चांगुणेच्या खुरप्याकडं बघून हसत तोंड वेंगाडलं.

"आता तू मालकीण झालीस की गं! आमच्या संगं पात धरायला कशाला येशील?"

"वाटेकरीन हाय मी. मालकीन म्हनून आप्पांच्या कानावर घालू नगं."

"व्हय बाई, ते बी खरंच."

टोळी उसाच्या वाटेनं गेली. चांगुणा त्यांच्या पाठी बघत राहिली. पोरगी असल्यापासून तिनं या शिवारातल्या जवळजवळ प्रत्येक रानात पात धरली होती. बायका ओळीनं बसायच्या, प्रत्येकीची आपली एक पात, आणि पुढं सरकायचं. चांगुणेच्या पातीत मागं वळून बघावं लागत नाही, असं मालक लोक म्हणायचे. हरळी ती मुळासकट काढायची, लव्हाळ्याची गाठ बोटानं उकरायची. पण जे रान तिनं स्वच्छ केलं, त्यातलं पीक तिचं कधीच नव्हतं.

गेल्या दिवाळीत ते बदललं होतं. मारुतराव आप्पांनी विहिरीकडचा तुकडा निम्म्या वाट्यानं तिच्याकडं दिला. कांद्याचं बी करायचं होतं. करुणा माहेरी, खुटबावला, लहानपणापासून डेंगळ्यांत, बियांसाठी फुलवलेल्या कांद्यात, वाढलेली. तिच्या भरवशावरच चांगुणेनं आप्पांच्या ओट्यावर उभं राहून शब्द टाकला होता. आप्पांचा पुतण्या रविराज तिथंच होता. त्याला तो तुकडा उसाला हवा होता. त्याचा ऊस बांधाला लागूनच. "काका, त्यांच्याच्यानं रान राखणं व्हईल का? तन माजंल," असं तो चांगुणेच्या देखत म्हणाला होता. आप्पा म्हणाले होते, "एक साल बघू. बी चांगलं आलं तर फुडचं बी त्यांचंच. न्हाई आलं तर तुझा ऊस हायेच." आप्पांच्या बायकोनं, साखरबाईंनी, मग चहा आणला. रविराजला बशीतून, चांगुणेला कागदी कपातून.

तो कप चांगुणा विसरली नव्हती. 'तन माजंल' हेही विसरली नव्हती.

म्हणून तिनं रान असं राखलं की गाडीवाटेनं जाणारा माणूस थांबून बघायचा. वाफ्यात एक काडी नको, बांधावर एक पान नको. तुकड्याच्या टोकाला जुना तरवड होता, पिवळ्या फुलांनी भरलेला. नवरात्रात घटाला माळा करायला गावातल्या बायका त्याची फुलं न्यायच्या. चांगदेवाकडून तो तिनं कुदळीनं खणून काढवला. पेटारी काढली, रानतुळस काढली, आणि बांधभर पसरलेली कंबरमोडीसुद्धा. ही कंबरमोडी खुरपणाऱ्या बायकांची वैरीण. बारीक दांडीवर एकच पिवळं फूल, आणि खाली कांडं जिथं मातीला टेकेल तिथं मूळ धरायची. वाकून वाकून कंबर मोडली तरी ती संपत नसे. सगळं गोळा करून चांगुणेनं पेटवलं. मारुतराव मोटरसायकल थांबवून म्हणाले होते, "चांगुणा, रान कसं आरशावानी ठेवलंय!" त्या रात्री ती भाकरीचा एक चतकोर जास्त जेवली होती.

आता डेंगळे फुलले होते. गुडघ्यापर्यंत उंच हिरव्या पोकळ दांड्या आणि प्रत्येकीच्या टोकाला पांढरा गोंडा, लहान मुलाच्या मुठीएवढा. धुकं निवळलं तसा सगळा तुकडा पांढरा झाला. चांगुणा बांधावर उभी राहिली आणि तिचा ऊर भरून आला.

करुणा मात्र मान वाकडी करून ऐकत होती.

"आत्या, आवाज कुठंय?"

"कसला?"

"मधमाश्यांचा. आमच्याकडं गोंडे फुलले की बांधावर उभं राहिलं तरी कानात गुणगुण भरायची. आबा म्हनायचे, आवाज आला की बी आलं."

चांगुणेनं कान दिला. लांब मोटर चालू होती. उसात कुठंतरी चिमणी. गोंड्यांवर मात्र काहीच नव्हतं. ती एका वाफ्यात शिरली, दुसऱ्यात शिरली. एक गोंडा तिनं हातात धरला. बारीक बारीक पांढरी फुलं उघडी पडून वाट बघत होती.

"ऊन चढल्यावर येतील," ती म्हणाली.

ऊन चढलं. माश्या आल्या नाहीत.

*

पुढच्या दिवसांत त्यांनी जमेल ते केलं. कुणीतरी सांगितलं म्हणून गुळाचं पाणी करून गोंड्यांवर शिंपडलं. त्यावर मुंग्यांची रांग लागली आणि चांगदेव म्हणाला, "माश्यांस्नी आवतन दिलं, पन मुंग्याच पंगतीला बसल्या." 

मग करुणेनं तिच्या आईला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी जुन्या मऊ धोतराचे तुकडे घेऊन आली. दव सुकलं की तळहाताला फडकं गुंडाळायचं आणि एकेका गोंड्यावरून हात फिरवायचा. या गोंड्याचं पीठ त्या गोंड्याला लागलं पाहिजे. जोर द्यायचा नाही, नाहीतर फूल गळतं. चांगुणेच्या हाताला उपटायची सवय. पहिल्या दिवशी तिच्या पातीत मातीवर पांढरा सडा पडला.

"आत्या, कुरवाळल्यागत. सम्राटच्या डोक्यावरनं हात फिरवायचात ना लहानपनी, तसा."

"त्याच्या डोक्याला नुसत्या टपल्या मारल्यात मी."

तरी ती शिकली. सकाळभर दोघी वाफ्यातून आडव्या सरकत राहायच्या. खांदे भरून यायचे, बोटं वळायची नाहीत. डोळ्यांत पिवळी पूड जायची आणि दुपारी डोळे लाल व्हायचे. वाटेनं जाणाऱ्या रविराजनं एकदा गाडी थांबवली.

"काय चाललंय? पिकाची मालिश?"

करुणा काही बोलणार होती. चांगुणेनं तिच्या दंडाला हात लावला आणि पुढच्या गोंड्यावर हात फिरवला.

काही दिवसांनी आधी फुललेल्या गोंड्यांवरची फुलं वाळू लागली. मधल्या वाफ्यातला एक गोंडा चांगुणेनं चिमटीत दाबला. वाळलेली फुलं कोंड्यासारखी बोटावर आली. आत काही नव्हतं. दुसऱ्यात थोडे हिरवे दाणे धरले होते, तिसऱ्यात त्याहून कमी. हातानं काम होत होतं, पण माणसाच्या हाताला किती गोंडे पुरे पडणार?

ती पुढं निघाली आणि तुकड्याच्या पार शेवटच्या कोपऱ्याला आली. तिथं पाण्याची चारी फुटकी होती आणि पाणी झिरपायचं. मार्गशीर्षात तिथलं गवत काढताना खुरपं तिच्या डाव्या हातात घुसलं होतं. तेव्हा तिनं तिथलीच कंबरमोडीची पानं दगडावर चेचून जखमेवर बांधली, रक्त थांबलं. मग ताप आला, आणि तो कोपरा तसाच राहिला. मनात सलत होता. आता तिथं कंबरमोडी चारीच्या काठानं लोळत होती, पेटारीची पिवळी फुलं उघडली होती, आणि खाली निळी, पांढरी, नखाएवढी फुलं होती ज्यांची नावं तिला ठाऊक नव्हती. उपटताना नाव विचारावं लागत नाही.

आणि तिथं आवाज होता.

फार मोठा नव्हता. पण फुलोरी माश्या होत्या, बारीक, काळसर पट्ट्यांच्या. त्या कंबरमोडीवर बसत, तिथून उठून जवळच्या गोंड्यावर जात, पुन्हा खाली येत. चांगुणेनं जवळचा गोंडा दाबला. तो घट्ट होता. हिरव्या, त्रिकोणी बोंडांनी गच्च भरलेला. शेजारचाही. त्याच्या शेजारचाही. चारीपासून जसजसं लांब जावं तसतसे गोंडे हलके होत गेले.

ती तिथंच मातीत बसली. करुणा धावत आली.

"काय झालं?"

"काय न्हाई. बघ हे."

करुणेनं बघितलं.  मग ती हळूच म्हणाली, "ह्या कोपऱ्यातली रानफुलं राहिली म्हनून."

"फुलं?" चांगुणा म्हणाली. "अगं, तन हाय हे. फूल म्हंजी झेंडू, शेवंती. कुनीतरी लावतं ते."

"आन् न लावता येतं ते?"

"ते उपटायचं."

"पन माशीला कुठं कळतं, आत्या, कुनी लावलंय आन् कुनी न्हाई ते?"

 चांगुणेनं डावा हात उलटा करून बघितला. जखमेचा व्रण अंगठ्याच्या खाली पांढरट, आडवा होता.

संध्याकाळी तिनं चांगदेवाला विचारलं. तो खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होता.

"अवं, रानफूल म्हंजी काय वं?"

"आता ह्या वयात तुला फुलं पायजेत का?"

"सांगा की."

तो चोळायचा थांबला. त्याला प्रश्न आवडला असावा, कारण त्यानं उत्तराला वेळ घेतला. "ज्याला कुनी वाफा दिला न्हाई," तो म्हणाला, "पानी दिलं न्हाई, राखन ठेवली न्हाई. तरी आलं आन् फुललं, ते."

चांगुणेनं चुलीतला निखारा मागं सारला.

"आन् माझ्या हातात इतकी वरसं खुरपं," ती म्हणाली.

"ते तू पोटासाठी धरलंस. त्यात काय गुन्हा न्हाई."

"मजुरीला धरलं ते पोटासाठी. हितं न्हाई. हितं रविराज काय म्हनंल म्हनून धरलं. तरवड सुदिक खनला."

"खनला मी," चांगदेव म्हणाला. "तू नुसती उभी व्हतीस."

*

तणनाशकाचा कॅन दुसऱ्या दिवशी आला. आप्पांचा ट्रॅक्टरवाला नवनाथ तो आणि पाठीवरचा पंप बांधावर ठेवून गेला. "आप्पांनी सांगितलंय, चारीचा कोपरा आजच्या आज मारून घ्या. रविराजदादानं बोंब मारलीया, तन त्याच्या उसात येतंय म्हनून. बांध बी पुन्यांदा मारा, आता परत उगवू ऱ्हायलंय."

खरंच उगवत होतं. जाळलेल्या जागी, राखेच्या कडेनं, कंबरमोडीची दोन-दोन पानं वर आली होती.

करुणेचा चेहरा उतरला. "आत्या, फुलोऱ्यात हे मारलं तर ती फुलं बी जळतील आन् त्यांच्यावरच्या माश्या बी जातील."

"कळलंय मला."

"न्हाई मारलं तर रान जाईल."

"ते बी कळलंय."

चांगुणेनं त्या दिवशीचं हाताचं काम पुरं केलं. तिच्या हाताखाली आता एकही फूल गळत नव्हतं. दुपारी तिनं तोंड धुतलं, पदर नीट केला, पंप पाठीला अडकवला, कॅन हातात घेतला आणि गावाकडं निघाली. कॅन जड होता. वाटेत तिनं तीनदा हात बदलला. टोळी लिंबाखाली भाकरी खात होती. सिंधूबाई ओरडली, "तू बी फवारायला लागलीस व्हय? मंग आमी काय करायचं गं?" चांगुणा थांबली नाही.

ओट्यावर मारुतराव पेपर वाचत होते. रविराज मोबाईल बघत खांबाला टेकला होता. चांगुणेनं पंप उतरवला, त्याच्याशेजारी कॅन ठेवला. झाकण उघडलेलं नव्हतं.

"हे काय?" मारुतराव म्हणाले. "मारलं न्हाई?"

"न्हाई, आप्पा."

"का?"

"माश्या तेवढ्या कोपऱ्यात हायेत. तिथंच बी धरलंय. मधलं सगळं फोल हाय. तुमी येऊन दाबून बघा."

रविराजनं मान वर केली. "बघा काका, मी म्हनलं व्हतं. आता तन राखायला कारन बी सापडलं."

चांगुणेनं त्याच्याकडं बघितलं नाही. "आप्पा, चूक माझी हाय. बांध मीच साफ केला. तुमी आरसा म्हनलात, मला बरं वाटलं. पन आरशावर माशी बसत न्हाई. ह्या साली बी कमी येईल. ते मी आज सांगते, झोडायच्या दिवशी न्हाई."

मारुतरावांनी पेपराची घडी केली. ते वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या बापानं त्यांना शिकवलं होतं की शेतकऱ्याचं तोंड म्हणजे त्याचा बांध, आणि ते तोंड आता पुतण्या बघत होता.

"लोक काय म्हनतील, चांगुणा? मारुतरावाच्या बांधाला गाजर गवत?"

"गाजर गवत एक काडी ठेवनार न्हाई मी. ते मी हातानं काढते. उसाच्या अंगाला टीचभर पट्टा रोज खुरपून देते, रविराजदादांच्या उसात एक बी जानार न्हाई. बाकीचा बांध ऱ्हाऊ द्या."

"आन् न्हाई म्हनलो तर?"

साखरबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या. ट्रेच्या कडेला एक कागदी कप होता. त्याही थांबल्या.

"तर फुडच्या साली दुसरा वाटेकरी बघा," चांगुणा म्हणाली. "हे साल माझ्याकडं हाय. पीक निघंस्तवर मी फवारनार न्हाई."

रविराज हसला. मारुतराव हसले नाहीत. ते कॅनकडं बघत होते, त्याच्या न उघडलेल्या झाकणाकडं.

"फुडच्या सालाचा शब्द मी देत न्हाई," ते शेवटी म्हणाले.

"नका देऊ."

"चहा घे," साखरबाई म्हणाल्या.

"नको, वयनी. रानात काम हाय." ती पायऱ्या उतरली. मागं रविराज काहीतरी बोलला. मारुतराव त्याला "गप ऱ्हा जरा" म्हणाल्याचं तिनं ऐकलं, पण ते कशासाठी होतं हे कळायला ती थांबली नाही.

*

सकाळी तिनं नेहमीसारखं खुरपं पाजवलं. ओंजळभर पाणी, एक कड, दुसरी कड, अंगठा. मग भिंतीला टांगलेली पाटी उतरवून घेतली.  चांगदेवानं कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि तिच्या मागं लंगडत निघाला. त्याच्या खांद्यावरच्या फडक्यात माळावरून काढून आणलेल्या तरवडाच्या वाळक्या शेंगा होत्या.

चारीच्या कोपऱ्यात चांगुणा बसली. कंबरमोडीच्या वेलीला जिथं जिथं मूळ फुटलं होतं, तिथं तिनं खुरप्याची धार मातीत खोल घातली आणि गड्ड्यासकट कांडी उचलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं मुळं झटकली नाहीत. निम्मी तिथंच ठेवली, निम्मी पाटीत घेतली. माती सुटू नये म्हणून करुणेनं त्यांवर ओलं फडकं टाकलं.

बांधावरची राख दवानं दडपली होती. चांगदेवानं तरवडाच्या जुन्या खड्ड्यात कुदळ घातली. वाकताना गुडघ्याला त्यानं सवयीनं शिवी दिली आणि शेंगा फोडून बी टाकलं. चांगुणेनं उसाच्या बाजूला टीचभर पट्टा आधी तासून मोकळा केला, कारण तसा शब्द दिला होता. मग उरलेल्या बांधावर खुरप्याच्या टोकानं सरळ रेघ ओढली.

"किती अंतरावर, आत्या?" करुणेनं विचारलं.

"कांद्याचं ठेवतो तेवढं."

टोळी वाटेनं आली. बायका थांबल्या. सिंधूबाईनं कपाळावर हात ठेवून निरखून बघितलं.

"अगं चांगुणे! कंबरमोडी लावतीस? डोकं ठिकाणावर हाय ना?"

"हाय."

"उद्या आमच्याच कमरा मोडायच्या ना बाई!"

"तुझ्या पातीत आली तर खुशाल उपट," चांगुणा म्हणाली. "माझ्या पातीत ऱ्हाऊ दे."

बायका हसल्या, काहीतरी पुटपुटल्या आणि उसाच्या वाटेला लागल्या. चांगुणेनं पहिली कांडी रेघेत ठेवली, दोन्ही अंगठ्यांनी माती दाबली आणि तांब्यातलं पाणी हळूच तिच्या मुळाशी सोडलं. मातीनं ते लगेच ओढून घेतलं. गुडघ्यावर भार देत ती एक वीत पुढं सरकली आणि पाटीत हात घातला.